धनीबाईकडे जाणारे बाण

राजपाल राठोडला तोंडी सांगितलेलं पटत नाही, हे आसेगावच्या आसपास सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्याकडे शेताच्या वाटेचं भांडण घेऊन जा की दाखल्याला लागणाऱ्या उशिराचं गाऱ्हाणं, तो अर्धं ऐकतो आणि म्हणतो, "थांबा, काढून पाहू." मग लॅपटॉप उघडतो, एक चौकोन काढतो, त्याच्यापासून लांब दुसरा काढतो, दोघांमध्ये बाण ओढतो, आणि त्यानंतर बराच वेळ तुमच्याकडे पाहत नाही. लोक त्याला डब्बेवाला म्हणतात. त्याला याचा राग येत नाही, उलट बरंच वाटतं.

तो ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. पंचायत रस्त्यावरच्या गावात, आणि त्याचं घर तिथून आत, टेकाडाला लागून असलेल्या तांड्यात. घरात बंजाऱ्यांची गोरमाटी, पंचायतीत वऱ्हाडी आणि वरून कोणी साहेब आले की पुस्तकी मराठी, असा त्याचा दिवस तीन भाषांत जातो. त्याच्या घरातलं बोलणं इथे वऱ्हाडीतच दिलं आहे, नाहीतर तुमचीआमची पंचाईत व्हायची.

हा चौकोनांचा नाद त्याला नळयोजनेपायी लागला. टाकीतून पाणी सुटायचं, पण खालच्या आळीला पोचायचं नाही. कोणता व्हॉल्व्ह आधी फिरवायचा यावर जो तो आपलंच खरं करायचा. राजपालनं ठरवलं की एकदाचं चित्रच काढू. इंटरनेटवर शोधलं तर चित्रं काढायची सॉफ्टवेअरं पुष्कळ, पण ती आधी नाव विचारायची, मग ईमेल, आणि मग हळूच कार्डाचा नंबर. शेवटी एक सापडलं ते अगदी भोळं होतं. फुकट, ब्राउझरमध्येच उघडणारं, नावगाव काही न विचारणारं, आणि काढलेलं चित्र आपल्याच लॅपटॉपवर ठेवू देणारं. एका बाजूला आकारांचा ढीग, त्यातला हवा तो ओढून आणायचा. राजपालला त्यात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते बाण. दोन डब्यांना बाण एकदा जोडला की डबा कुठेही ओढून न्या, बाण ताणला जातो, वाकतो, पण सुटत नाही.

पहिल्या दिवशी तो टाकीचा डबा पडद्यावर नुसता इकडून तिकडे ओढत बसला होता. त्याची बायको चंदा चहा घेऊन आली.

"काय करून राह्यले?"

"पाय, सुटतच न्हाई."

चंदानं पाहिलं. "च्या थंडा होऊन राह्यला," ती म्हणाली आणि निघून गेली.

व्हॉल्व्हचं चित्र पंचायतीच्या भिंतीवर लागलं, पाणी खालच्या आळीला पोचलं, आणि राजपालला शिंगं फुटली. मग त्यानं रोजगार हमीच्या कामाचा चौकोन-बाण केला, शाळेच्या खिचडीचा केला, मेव्हण्याच्या लग्नाचाही केला. त्या लग्नाच्या चित्रात मांडव, वाजंत्री, पंगत, पाण्याचा टँकर सगळे डबे बाणांनी जोडलेले होते. फक्त बुंदीच्या डब्याला बाण जोडायचा राहिला होता, आणि बुंदी खरोखरच मंगरूळपीरला हलवायाच्या दुकानात राहिली. मेव्हणा अजून त्याच्याशी धड बोलत नाही. राजपाल मात्र म्हणतो, चित्र बरोबरच होतं, पाहणाऱ्यानं नीट पाहायला पाहिजे होतं.

आता त्याच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट तिची आहे.

धनीबाईला सगळा तांडा याडी म्हणतो. याडी म्हणजे आई. तरुणपणी ती आणि राजपालचा बाप दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे आणि उन्हं तापली की परत यायचे. नवरा गेल्यावर तिनं कोयता टाकला आणि तांड्यात राहिली. त्या वर्षी टोळी निघाली तेव्हा शेजारणीनं घराला कुलूप लावलं आणि चावी धनीबाईच्या हातात दिली. पुढच्या वर्षी आणखी दोघींनी दिली. हळूहळू रीतच पडली. निघायच्या दिवशी गाड्या लागल्या की प्रत्येक बाई आपल्या जुन्या फेटियाची, म्हणजे घागऱ्याची, एक चिंधी फाडायची, चावीला बांधायची आणि धनीबाईच्या हातात ठेवून तिच्या पाया पडायची. धनीबाई ती चावी कपाळाला लावून दोरीत ओवायची. कोणती चावी कोणाची हे तिला चिंधीवरून बोटांनी समजायचं.

चावीच्या मागोमाग बाकीचंही आलं. कोणाची लेकरं रात्री तिच्याकडे झोपायची, कोणाच्या शेळ्या तिनं पाहायच्या, कोणाच्या म्हाताऱ्या सासऱ्याला भाकरी नेऊन द्यायची. मागे राहिलेल्यांची भांडणंही तिच्याच ओट्यावर सुटायची. यातलं काही कोणी ठरवून तिच्यावर टाकलं नव्हतं. ती नाही म्हणत नव्हती, एवढंच.

आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्यानं तर आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. शिबिरातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं की आता लांबवलं तर हा डोळा जाईल, मग कापून उपयोग नाही. शिबिर दिवाळीनंतर असायचं, आणि दिवाळीनंतर टोळी निघायची. धनीबाई म्हणायची, "टोळी येऊ दे, मंग पाहू." टोळी आली की म्हणायची, उन्हाळ्यात डोळा कापत नाहीत. मग पेरणी. मग पुन्हा दिवाळी. अशी दोन शिबिरं गेली. राजपाल रागावला, रुसला, एकदा डॉक्टरशी फोनही लावून दिला. धनीबाईनं फोनवर सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरला लेकराबाळांचं विचारलं आणि फोन परत दिला.

तेव्हा यंदा दसऱ्याच्या सुमाराला राजपालनं लॅपटॉप उघडला. तांड्यातल्या प्रत्येक घराचा एक डबा केला. वाचता न येणारी माणसं बरीच, म्हणून प्रत्येक डब्यात ओळखीचं चित्र टाकलं. कोणाच्या डब्यात शेळी, कोणाच्या दारचं कडुनिंबाचं झाड. नियम साधा ठेवला. ज्याची नड, त्याच्या डब्यातून बाण निघेल, आणि ती नड जो भागवतो त्याच्या डब्यात शिरेल. संध्याकाळपर्यंत चित्र तयार झालं आणि राजपाल त्याच्याकडे नुसता पाहत राहिला. सगळीकडून निघालेले बाण मधल्या एका डब्यात जाऊन घुसत होते. त्या डब्यातून बाहेर निघणारा बाण एकही नव्हता.

चंदानं त्याच्या खांद्यावरून पाहिलं. "आपला डबा कुठं हाय?"

तो राहूनच गेला होता. राजपालनं घाईघाईनं स्वतःचा डबा काढला. पोरीला शाळेतून आणणं याडीकडे, सकाळची चूल याडीकडे, चंदा माहेरी गेली की राजपालचं जेवण याडीकडे. बाकीच्या घरांपेक्षा आपलेच बाण जास्त निघाले हे पाहून त्याला लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

लोकांना दाखवायला त्यानं ते चित्र समाजमंदिरातल्या टीव्हीवर लावलं. टोळी नेणारा मुकादम हेमला, राजपालचा चुलता, पुढे बसला होता. त्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा घातला.

"एवढं सारं त्या एकट्या बाईवर?"

"हो काका. आन तिची नड भागवाले कोनीच न्हाई. मीबी न्हाई."

मग दुर्गाबाई उठली. तिचं घर धनीबाईच्या शेजारी, आणि यंदा ती टोळीत जाणार नव्हती. "शेळ्या मी पाहीन," ती म्हणाली. तिच्या मागून आणखी एकदोघी बोलल्या. लेकरांचं रात्रीचं दोन घरांनी वाटून घेतलं. तांड्यात किराणा दुकान चालवणारा सेवालाल म्हणाला, "चाव्या माह्या दुकानात राहू द्या. खिळे ठोकून देतो, नंबर टाकून." राजपाल तिथेच बसून एकेक बाण उचलत होता आणि दुसऱ्या डब्यात नेऊन सोडत होता. चित्र हळूहळू पांगलं. मधला डबा मोकळा झाला. राजपालला इतका आनंद झाला की त्यानं तिथल्या तिथे सगळ्यांना चहा सांगितला. चित्र चार कागदांवर छापून, चिकटपट्टीनं जोडून त्यानं समाजमंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर लावलं.

घरी आल्यावर चंदानं विचारलं, "याडीले इचारलं का?"

"तिच्यासाठीच तं केलं."

"ते न्हाई इचारलं मी."

राजपालला ते ऐकू आलं नाही असं म्हणता येणार नाही. पण माणसाला यश मिळालं की कान जरा जड होतात.

निघायच्या दिवशी सकाळीच ट्रॅक्टर लागले. गाठोडी, भांडी, कोयते चढले. बायका सवयीनं चिंधी बांधलेली चावी घेऊन धनीबाईच्या ओट्यापर्यंत आल्या. धनीबाई उंबऱ्यात बसली होती. पावलांचा आवाज आला की ती हात पुढे करायची. आलेली बाई तिच्या पाया पडायची आणि म्हणायची, "याडी, चावी औंदा सेवालालकडं द्याची हाय म्हने." धनीबाई तोच हात तिच्या डोक्यावर ठेवायची आणि मग ओढणीत घ्यायची. पुढची आली की पुन्हा हात पुढे व्हायचा. चारपाच जणींनंतर तो पुढे व्हायचा थांबला. राजपाल हे सेवालालच्या दुकानासमोरून पाहत होता, आणि त्याला वाटलं, किती सुरळीत चाललं आहे.

पुढच्या आठवड्यात शिबिराची गाडी मंगरूळपीरहून वाशीमला जाणार होती. राजपालनं तयारी केली होती वादाची. धनीबाईनं वाद घातलाच नाही. पिशवी घेतली आणि म्हणाली, "चाल." चंदा त्याला बाजूला घेऊन म्हणाली की याडी हल्ली धड जेवत नाही, ओट्यावरही बसत नाही. राजपाल म्हणाला, डोळा कापायचा आहे, भीती वाटत असेल. आता इतका डबे जोडणारा माणूस, पण शेजारच्या खोलीतलं त्याला जोडता आलं नाही.

डोळा मात्र छान झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा डॉक्टरनं बोटं दाखवली, धनीबाईनं ती बरोबर सांगितली आणि वर म्हणाली, "नख काप बाबू." राजपालच्या डोळ्यांत पाणी आलं. तो वऱ्हांड्यात जाऊन उभा राहिला आणि हेमलाकाकाला फोन लावून सांगितलं. पलीकडे उसाच्या फडात फोन सगळ्यांच्या हातून फिरला आणि प्रत्येकानं तेच विचारलं, "दिसते का?" तो प्रत्येकाला सांगत राहिला, दिसते, चांगलं दिसते.

परत येताना दोघं फाट्यावर एसटीतून उतरले आणि तांड्यापर्यंत चालत निघाले. काळा चष्मा लावलेली धनीबाई प्रत्येक झाडाशी थांबत होती. तुरीला फुलं आली होती ती तिनं हात न लावता ओळखली. राजपालला वाटत होतं, यापेक्षा चांगला दिवस आपल्या आयुष्यात आला नाही. समाजमंदिरापाशी ती पुन्हा थांबली. भिंतीवरच्या मोठ्या कागदापुढे जाऊन तिनं चष्मा थोडा वर केला.

"हे तू काढलं का रे?"

"हो याडी. आपला तांडा हाय."

तिला वाचता येत नव्हतं, पण चित्रं दिसत होती. एकेका डब्यावर बोट ठेवून ती सांगत गेली. शेळी म्हणजे ही, झाड म्हणजे ती. सेवालालच्या डब्यातला तराजू पाहून हसली. बाणांवरून बोट फिरवत ती या घरून त्या घरी जात होती. मग बोट मधल्या डब्यावर आलं. त्यात अंबाडा घातलेल्या एका म्हाताऱ्या बाईचं चित्र होतं. धनीबाईनं डब्याच्या चारी बाजूंनी बोट फिरवलं. कुठूनच काही लागलं नाही.

"ही कोन?"

राजपालनं कागदाची सुटलेली चिकटपट्टी अंगठ्यानं दाबली.

"ही बाई मेली का?"

"न्हाई याडी. तू हायस ते."

धनीबाईनं चष्मा खाली घेतला. "मंग हिचा कोनाशीच संबंध काहून न्हाई?"

तो समजावू लागला. तुझ्या डोळ्यासाठी केलं, तू रिकामी झाल्याशिवाय आली नसतीस, सगळ्यांनी खुशीनं कामं वाटून घेतली. सगळं खरं होतं. धनीबाईनं ते उभ्यानं ऐकून घेतलं.

"डोळा दिला तू मले. ते मी कधी विसरनार न्हाई," ती म्हणाली. "पन या लोकाईले माह्या दारातून उठवलं, तवा मले इचारलं होतं का?"

"न्हाई."

"घरी चाल. उन्हाचं उभं न्हाई राहाचं, डाक्टरनं सांगतलं."

राजपालला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यानं स्वतःशी पुष्कळ मांडून पाहिलं, पण दरवेळी उत्तर तेच यायचं. डोळा वाचवायचा होता हे बरोबर, आणि केलं ते चूक. दोन्ही एकदम खरं असू शकतं, यासाठी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं लॅपटॉप ओट्यावर आणला, आईजवळ बसला आणि चित्र उघडलं. "याडी, तुले कोंते बाण पाह्यजे ते सांग. तू म्हनशील तेच जोडतो."

धनीबाईला आधी हसू आलं. मग तिनं मन लावून पाहिलं. "चाव्या," ती म्हणाली. "साऱ्या. त्या सेवालालच्या दुकानात मिरच्याच्या बाजूले लटकल्या हायेत, त्या कायले?"

राजपालनं चाव्यांचे बाण तराजूच्या डब्यातून सोडवले आणि मधल्या डब्याला जोडले.

"भांडनं. दुर्गीले न्हाई जमत ते, ते सोताच भांडते."

तेही जोडलं. पलीकडच्या अंगणात शेळ्यांना पाला टाकणाऱ्या दुर्गाबाईनं हे ऐकलं आणि काही बोलली नाही, म्हणजे तिलाही पटलं असावं.

"शेळ्या?"

"राहू दे तिच्याकडं."

"लेकरं? रातचे?"

धनीबाई थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "न्हाई," ती म्हणाली. "रात्री उठनं न्हाई होत आता. दोन वर्सं झाले न्हाई होत."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून कामाला नाही हा शब्द राजपालनं पहिल्यांदा ऐकला. दारात उभ्या असलेल्या चंदानंही ऐकला. राजपालनं लेकरांचे बाण जिथे होते तिथेच ठेवले. मग त्यानं एक नवा बाण काढला, मधल्या डब्यातून निघून स्वतःच्या डब्यात जाणारा.

"हा कोंता?"

"तुही नड, मी भागवाची."

"काय भागवतंस तू?"

राजपालनं विचार केला. खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं फार नव्हतं. "डोळ्यात थेंब टाकतो ना," तो म्हणाला आणि बाणावर लिहिलं, थेंब.

त्याच दिवशी सेवालालनं चाव्या आणून दिल्या. नंबराच्या पट्ट्या त्यानं चिंध्यांवरच चिकटवल्या होत्या. धनीबाईनं एकेक पट्टी नखानं काढली, चाव्या दोरीत ओवल्या आणि जेवायला बसली. राजपालनं फडात फोन करून सगळ्यांना कळवलं. हेमलाकाका म्हणाला की बायका पहिल्या दिवसापासून कुरकुरत होत्या, दुकानात चावी ठेवून आल्यासारखं वाटतच नाही म्हणून.

थेंब बरेच दिवस चालले. राजपाल पंचायतीतून दुपारी मुद्दाम घरी यायचा, आईची मान मागे करायचा, थेंब टाकायचा, आणि डोळा मिटून ती पडून असेतोवर तिच्याजवळ बसायचा. त्या वेळात ती काहीबाही सांगायची. फडावरच्या थंडीचं, त्याच्या बापाचं, तो स्वतः उसाच्या पाचटावर रांगायचा त्याचं. पूर्वी हे ऐकायला त्याला सवड झाली नव्हती.

मग एके दिवशी डॉक्टरनं थेंब बंद केले. त्या दुपारी धनीबाई आपणच लॅपटॉपपाशी येऊन बसली.

"तो थेंबाचा बान आता काढून टाकतं का?"

"राहू दे याडी."

"मंग त्याच्यावर दुसरं काही लिही. खोटं कायले ठेवतं?"

"काय लिहू?"

"इचारतो, म्हनून लिही."

राजपालनं 'थेंब' खोडलं आणि 'विचारतो' लिहिलं. चित्र जतन केलं, आणि भिंतीवर लावायला नवीन कागद छापायचे हे डोक्यात ठेवलं. डाव्या डोळ्याची तारीख घ्यायची होती, डॉक्टरचा नंबर त्यानं काढूनही ठेवला होता. त्यानं फोन बाजूला ठेवला.

"याडी, डावा डोळा कवा कराचा?"

धनीबाईनं दोरीतल्या चाव्या मांडीवर घेतल्या होत्या. एका डोळ्यानं ती चिंध्यांचे रंग पाहत होती.

"टोळी वापस याच्या आंधी कर," ती म्हणाली. "चाव्या ज्याच्या त्याले देतानी मले साऱ्याईचे तोंडं दोनी डोळ्याईनं पाह्यचे हायेत."